मऊ पट्टे आणि दावं

फौजदार साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. 'पतीने हात बांधून छळ केला' असं तुमच्या कागदावर आहे. त्यातलं हात बांधले एवढंच खरं. छळ तुम्ही पदरचा घातलात. आणि जिचा हात, ती संजीवनी तेव्हा दवाखान्यातल्या खाटेवर जागी होती. तिला एका शब्दानं विचारलं नाहीत.

लासुर्ण्यात दोन एकर भेंडी-टोमॅटो आणि चार गाई, एवढा तिचा संसार. लग्नाला नऊ वर्षं झालेली. नवरा युवराज अबोल गडी. एका दुपारी खुरपता खुरपता तिनंच विषय काढला.

"मोबाईलवर वाचलं मी. दार लावून तुमी मला बांधावं असं वाटतं. का वाटतं ते नका विचारू."

युवराजचं खुरपं थांबलं. तो म्हणाला, "गाय बरी. लाथ मारून लगीच सांगती. तू नऊ वर्सं लावलीस."

मग आठ दिवस दोघं मोबाईलवर बघत बसले. पेंडीचा भाव करावा तसा भाव केला. पोलादी बेड्या सोडल्या, किल्ली हरवली तर लोहाराकडं जायचं काय? चामड्याचे पट्टे साडेतीन हजाराचे. "एवढ्यात किडीची पावडर मारून हुतीया टोमॅटोला," तो म्हणाला. शेवटी नवख्यांसाठीचे रुंद, आतून मऊ कापडाचे पट्टे पसंत पडले. सहाशे एकोणपन्नास रुपये, ओढलं की फर्रकन सुटणारे. खाली सूचना होत्या, त्या तिनं मोठ्यानं वाचल्या. पट्ट्यात दोन बोटं गेली पाहिजेत. दोरीनं नस दबते, नव्यांनी वापरू नये. थांबायचं तर एक शब्द ठरवा.

"भिगवण," ती म्हणाली.

"भिगवणच का?"

"तितं कुठलीबी गाडी थांबतीच."

पण गावात पार्सल यायचं ते स्टँडवरच्या दुकानात. दुकान चुलत दिराचं. लोकांची पार्सलं फोडून बघायची त्याला खोड. उद्या हे पट्टे त्याच्या काउंटरवर पसरलेले, नि भोवती चार टाळकी. दोघांनी मोबाईल बाजूला ठेवला तो ठेवलाच.

"दावं हाय की," युवराज म्हणाला. "गोठ्यात वाढलोय. माझी गाठ आजवर सुटली न्हाय."

तिथंच चुकलं. जनावर बांधायची गाठ चांगली कोणती, तर ओढेल तशी आवळणारी. इथं झटक्यात सुटणारी हवी होती. सासू बाजाराला गेलेली. मनगटाला काचेल म्हणून मायेनं त्यानं दंडाला बांधलं. दंडात नस हाडालगत असते हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. हाताला मुंग्या आल्या, तिला वाटलं असंच असत असेल. तिनं भिगवण म्हटलं तेव्हा उशीर झाला होता. गाठ आवळली होती, त्याच्या बोटांना सुटेना. शेवटी विळ्यानं दावं कापलं. उजवा पंजा मनगटातून खाली लोंबायला लागला, तो तिला उचलता येईना.

मोटरसायकलवर तिला पाठीशी घेऊन तोच दवाखान्यात आला, रडत. डॉक्टरांनी वळ बघितले, तुम्हाला फोन केला. कऱ्हाटीहून तिचे वडील, जोतीराम, आले. लेकीचा हात बघून थेट तक्रारीवर सही केली. बापाला मी दोष देत नाही.

तिसऱ्या दिवशी ती तुमच्यासमोर उभी राहिली. बाप शेजारी.

"मीच बांधाय सांगितलं हुतं," ती म्हणाली. "पट्टे घेनार हुतो. लाजंपायी घेतलं न्हाईत."

कोपऱ्यातला हवालदार खाली बघून हसला. तुम्ही पेनाला टोपण लावलंत. "नवऱ्याला वाचवायला बायका काय काय सांगतात. पण असलं कुणी सांगत नाही बाई."

जोतीराम उठले, टोपी घातली आणि बाहेर गेले. कऱ्हाटीच्या एसटीत ते पुढच्या सीटवर बसले, लेक मागं.

तुम्ही आत टाकलेला युवराज जामिनावर सुटला. तुमच्या कागदावरून कोर्टानं अट घातली, बायकोला भेटायचं नाही, फोन करायचा नाही. ती कऱ्हाटीत. आई नाही. बाप ताट ठेवतो भिंतीकडं बघून. डाव्या हातानं भाकरी तुटत नाही, मग ती कालवणात भिजत घालते.

"आबा, हात धरता का जरा? व्यायाम द्याचाय."

जोतीराम रानात निघून गेले. संध्याकाळी आले तेव्हा डोळे सुजलेले होते. पण हात धरला नाही.

महिन्यानं ती एकटी तुमच्याकडं आली. उजवा हात फळीला बांधलेला, डाव्यात दवाखान्याचा कागद. तो तिनं टेबलावर ठेवला.

"ह्यात लिवलंय, रोज दोन टायम दुसऱ्यानं हात धरून वर उचलायचा. सा म्हैने. न्हायतर कायमचा गेला." तुम्ही कागद वाचला नाहीत. "आबा शिवत न्हाईत. जो धरनार हुता त्याला तुमी माझ्यापासनं तोडलाय. मग माझा हात कुणी धरायचा? सांगा साहेब. मी हितंच बसलेय."