सोबत कोण

“शिस्टर, तुमी खाली कामून बसायलाव? थांबा, खुर्ची आनते.”

राजश्री नको नको म्हणेपर्यंत सतरंजीवर शेजारी बसलेल्या यल्लम्मानं मांडवातली प्लास्टिकची खुर्ची ओढून आणली, पदरानं पुसली आणि तिला बसवलं. सुभद्राबाईंच्या मरणानंतरच्या जलदानविधीला हुलसूरच्या घरापुढं पाच-सहा गावांच्या बायका जमल्या होत्या. राजश्री तालुक्याच्या दवाखान्यातली ड्यूटी संपवून थेट आली, म्हणून मागंच राहिली. घरचे सगळे पुढं, भंतेजींजवळ होते.

“परक्या मानसासाटी कोन येतंय आजकाल? तुमचं मन मोटं,” यल्लम्मा म्हणाली.

धरणीनं पोटात घ्यावं, असं राजश्रीला झालं. सुभद्राबाई तिची सख्खी आजी होती.

चाळीस वर्षं म्हातारीनं एकच उद्योग केला, तोही फुकटचा. कुणाची सून बाळंतपणात अडली, की पायात चपला सरकवून ती जीपमध्ये तिच्याशेजारी बसायची. जात विचारायची नाही. दवाखान्याच्या कागदावर सोबतीच्या माणसाची सही लागते, तेवढ्यासाठी पन्नाशीत ती लिहायला शिकली. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजते, असं लोक म्हणत. ती हसायची, “भाजनारनीला वास तर येतोय की!”

नऊ वर्षांपूर्वी, राजश्री नोकरीला लागून आठवडा झाला असेल, भर गर्दीत हाक आली, “ए राजी!” चपलेला सुतळी बांधलेली आजी, आणि शेजारी दिवस भरलेली एक बाई. राजश्रीजवळ डॉक्टर उभे होते. तिला लाज वाटली. आजीची!

“बाई, ओळीत उभं राहा,” ती म्हणाली.

आजीनं क्षणभर पाहिलं. “व्हय, शिस्टर,” म्हणाली आणि ओळीत गेली. त्यानंतर दवाखान्यात तिनं नातीला कधी नावानं हाक मारली नाही. घरी मात्र तीच राजी, आणि त्या गोष्टीबद्दल अवाक्षर नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

गेल्या आठवड्यात छातीत कळ येऊन आजी स्वतःच भरती झाली. नव्या नर्सनं विचारलं, “सोबत कोण?” सलाईन लावणाऱ्या राजश्रीकडं न बघता आजी म्हणाली, “कोन न्हाई. एकलीच आले.” तेव्हाही राजश्री सलाईनचे थेंबच मोजत राहिली. नर्सनं रकान्यात रेघ मारली. तिसऱ्या दिवशी आजी गेली.

“माज्या बाळंतपनाच्या कागदावर सुभद्राक्कानं नातं ‘आई’ लिवलं हुतं,” यल्लम्मा सांगत होती. “म्हनलं, खोटं कामून लिवायलाव? तर म्हनल्या, बाळंतिनीच्या सोबत कोन न्हाई, असं लिवू नये. जीव खचतोय.”

राजश्री खुर्चीवरून उठली.

“काय झालं शिस्टर?”

“नात हाय मी त्यांची. सख्खी नात.”

यल्लम्मा बघतच राहिली. “म्हंजी त्या दिशी मी आन् अक्का ओळीत उभारलो हुतो, तवा...”

ती थोडी सरकली आणि सतरंजीवर तिला जागा करून दिली. जागा बरीच होती. राजश्री अंग चोरून बसली.