प्लायची भिंत

कस्तुराला क्षय झाल्याचं निदान झालं तेव्हा तिची मुलगी प्रज्ञा तीन वर्षांची होती. पिंपरीच्या चाळीत त्यांची एकच खोली. "पोरीला आईपासून लांब ठेवा," डॉक्टरांनी किसनला बजावलं. एका खोलीत लांब कसं ठेवायचं, ते काही त्यांनी सांगितलं नाही. आणि पोरीला धाडावं असं गावाकडं कुणी उरलं नव्हतं.

किसन कंपनीच्या पॅकिंग खात्यात सुतार होता. मशीनच्या रिकाम्या खोक्यांचं पातळ प्लायवूड कामगारांना स्वस्तात मिळायचं. चाळीत कुणी त्याचं फडताळ केलं होतं, कुणी कोंबड्यांचं खुराडं. किसननं भिंत करायला घेतली. पातळ प्लाय करवतीखाली फाटतं, म्हणून त्यानं आधी सुरीनं रेघ खोल ओढून घेतली. नुसतं उभं केलं तर फुगून पोट काढतं, म्हणून मागून पट्ट्या मारल्या. कडा काचपेपरनं घासून गुळगुळीत केल्या, आणि पलीकडं जायला कोपऱ्यात कडीचं दार ठेवलं.

पलीकडं खाटेवर बसून कस्तुरा बघत होती. म्हणाली, "मला जित्तीच चिणताय व्हय?"

"बरी झालीस की काढून टाकीन," किसन म्हणाला, आणि खिळे ठोकत राहिला.

प्लायमधून सगळं ऐकू यायचं. प्रज्ञा दिवसभर भिंतीला पाठ लावून बसे आणि कस्तुरा पलीकडून गोष्टी सांगे. खोकल्याची उबळ आली की पोरगी गप्प बसून वाट बघायची. वस्तीतला कंपाउंडर सुया टोचून जायचा. शेजारच्या शालनबाई किसन कामावर असताना दोघींकडं बघायच्या. असे सात-आठ महिने गेले. कस्तुराचा ताप उतरला.

"अहो, इथं एक भोक पाडा ना," एक दिवस ती म्हणाली. "वीतभर. तिचं तोंड तरी दिसंल."

"आन खोकला गेला म्हंजे भोकातनं?"

"थुंकी परत तपासायला नेली होती, त्याचं काय झालं?"

"पुण्याला जाऊन रिपोर्ट आणायचा राह्यलाय. जातो."

पण ओव्हरटाइम चालू होता, आणि रविवारी दवाखाना बंद. जातो जातो म्हणत दोन महिने निघून गेले. कस्तुरानं भोकाचं पुन्हा विचारलं नाही.

एका सकाळी पहिल्या पाळीत किसनला निरोप आला. तो धावत घरी पोचला तेव्हा शालनबाई दारात रडत होत्या. कस्तुराला रक्ताची उलटी झाली होती आणि त्यातच ती गेली होती. प्रज्ञा अजून भिंतीपाशीच होती.

"आई अर्धीच गोष्ट सांगून झोपली," ती म्हणाली.

पंधरा दिवसांनी किसन पुण्याच्या दवाखान्यात कस्तुराचं कार्ड परत करायला गेला. डॉक्टरांनी फाइलीतला कागद काढून वाचला.

"हा तर दोन महिन्यांपूर्वीचा आहे. थुंकीत जंतू नव्हते. मुलीला जवळ घ्यायला काही हरकत नव्हती."

"मग ती गेली कशी, साहेब?"

"फुप्फुस आधीच खराब झालं होतं. आतली रक्तवाहिनी फुटली असणार."

घरी येऊन किसननं पक्कड घेतली आणि एकेक खिळा उपसला. प्लाय कुठंही फुटलं नाही. शालनबाईंनी चाचरत विचारलं, "भाऊ, मोरीला आडोसा करायला नेऊ का?" त्यानं मान डोलावली.

खोली पुन्हा एक झाली. प्रज्ञा उठून रिकाम्या खाटेपर्यंत गेली, तिनं खाली वाकून बघितलं, आणि ती त्याच्याकडं वळली.

"आता आईकडं जाऊ का?"