फ्रिजबाहेरचे पंधरा दिवस

"सुंदरी, महालयात पितर दारात उभे असतात गं. रक्तामांसाचं काही घरात असलं, तर पाणीसुद्धा न घेता माघारी फिरतात."

सासूबाईंचा हा आवाज सुंदरीनं नवी नवरी असताना ऐकला होता, तंजावरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत, नारळ खवता खवता. सासूबाई जाऊन दहा वर्षं झाली. आवाज काही घर सोडून गेला नाही.

त्याचंच ऐकून चार वर्षांपूर्वी तिनं ती गोष्ट केली. तिच्या यजमानांच्या, सीतारामरावांच्या रक्तात हेपटायटिस-सीचा विषाणू सापडला होता. कधीकाळी ऑपरेशनात चढवलेल्या रक्ताच्या बाटलीतून तो आला, असं डॉक्टर म्हणाले. मद्रासहून बर्फात घालून वर्षभराची इंटरफेरॉनची इंजेक्शनं आली, आठवड्याला तीन. टोचलं की अंग तापानं फणफणे, दातावर दात वाजत. पण तीन महिन्यांनी तपासणी चांगली आली. घरानं जरा सुटकेचा श्वास सोडला.

मग महालय आला, पितरांचा पंधरवडा. हे औषध माणसाच्या रक्तातून काढतात, असं टोचायला येणारा कंपाउंडर सहज बोलून गेला होता. फ्रिज घरात एकच, आणि श्राद्धाचं दूधदही त्यातच. सुंदरीनं उरलेल्या इंजेक्शनांचा खोका उचलला, परसातल्या न्हाणीच्या फळीवर ठेवला, वर ओलं फडकं टाकलं. पंधरा दिवस. न्हाणीचा पत्रा दुपारी असा तापे, की हात लावता येत नसे. इंजेक्शन काढून द्यायची तीच, त्यामुळे कुणाला पत्ता नाही. अमावास्या उलटली आणि खोका मुकाट्यानं पुन्हा फ्रिजमध्ये गेला.

त्यानंतर टोचूनही ताप येईना. "अंगवळणी पडलं बघ," म्हणत सीतारामराव दोन इडल्या जास्त खाऊ लागले. सुंदरी वाढत राहिली, खाली बघून.

वर्ष सरलं तेव्हा विषाणू होता तिथंच होता. ह्या शरीरानं औषधाला दाद दिली नाही, असं डॉक्टरांनी कागदावर लिहिलं. तो कागद घडी घालून कपाटात तिनंच ठेवला. तेव्हापासून कपाट उघडताना तिचा हात त्या कोपऱ्याला चुकवून जाई.

आज त्याच डॉक्टर गुरुमूर्तींसमोर दोघं बसली होती. यकृत आता कडक होत चाललं होतं.

"नवी पद्धत आलीय," डॉक्टर तमिळमध्ये म्हणाले. "तीच इंजेक्शनं, जोडीला कॅप्सूल, वर्षभर. पण पहिल्या खेपेला ज्यांना गुण आला नाही, त्यांच्यात यश कमी. ठरवायचं तुम्ही."

"ठरलंय, डॉक्टर. वर्षभर तापायचं, केस गाळायचे, आणि शेवटी पुन्हा नापास. शाळेतसुद्धा एका वर्गात मी दोनदा बसलो नाही." सीतारामराव हसले, कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या. "माझ्याच अंगात खोट आहे. नको."

"औषध थंड जागी नीट राहिलं होतं ना? मी तेव्हाच विचारायला हवं होतं."

"ते सोडा. हिचा फ्रिज म्हणजे देवळाचा गाभारा. मलासुद्धा आत हात घालायची मुभा नाही."

डॉक्टरांनाही हसू आलं. त्यांनी पेन उचललं. "मग उपचार नको म्हणाले, असं लिहू?"

सीतारामरावांनी मान डोलावली. त्यांचं घड्याळ रोडावलेल्या मनगटावरून पार कोपराकडे घसरलं होतं. ते तिच्याकडे वळून मराठीत पुटपुटले, "चल गे. वाटेत कॉफी घेऊं."

परक्यांसमोर झाकायचं ते ही दोघं मराठीत बोलत. मराठीत सांगितलं तर ते घरातच राहील. हे ऐकतील, वाईट वाटून घेतील, आणि तिला सांभाळून घेण्यासाठी डॉक्टरांना अवाक्षर कळू देणार नाहीत. मग कागदावर 'नको' हेच राहील. सुंदरीनं पदर सारखा केला आणि तमिळमध्ये तोंड उघडलं.

"लिहू नका, डॉक्टर. ह्यांच्यात खोट नाही. महालयाचे पंधरा दिवस मी औषध बाहेर ठेवलं होतं, परसात, तापल्या पत्र्याखाली. सोवळ्यासाठी. पुढची सगळी इंजेक्शनं त्याच खोक्यातली. ह्यांचा ताप थांबला तेव्हाच औषध बिघडल्याचं मला कळलं होतं. आणि मी गप्प बसले."