पुस्तकं भरायला आलेला माणूस

ललिता आगाशे यांची नजर साखरेच्या आजारानं हळूहळू गेली. पोस्टातून निवृत्त झाल्यावर कोथरूडच्या फ्लॅटमध्ये मनसोक्त वाचत बसायचं, एवढा एकच बेत त्यांनी वर्षानुवर्षं केला होता, आणि नेमकं वाचनच हातचं गेलं. मग शनिवार पेठेतल्या एका संस्थेनं त्यांना बोलकी पुस्तकं ऐकायचं छोटं यंत्र दिलं. तळहातावर मावणारं, ठसठशीत बटणांचं. त्या त्याला प्लेअर म्हणत. संस्थेची चैताली अधूनमधून लॅपटॉप घेऊन यायची, ऐकून झालेली पुस्तकं काढून नवी भरायची, चहा घ्यायची, आणि कुठला वाचक नाकात बोलतो यावर दोघी यथेच्छ तोंडसुख घ्यायच्या.

त्या मंगळवारी दुपारी बेल वाजली तेव्हा मुलगी स्पृहा ऑफिसला गेली होती. बाहेरच्या माणसानं सांगितलं, की चैतालीमॅडमना बरं नाही, प्लेअरमध्ये पुस्तकं भरायला त्यांनी मला पाठवलंय. आवाज तरुण होता, अदबीचा होता. चैतालीचं नाव बरोबर, प्लेअरचं बरोबर. ललिताबाईंनी दार उघडलं, त्याला आत घेतलं. दार मी लावतो, आपण बसा, असं तो म्हणाला तेव्हा त्यांना ते सौजन्यच वाटलं.

त्यांनी प्लेअर त्याच्या हातात दिला आणि समोर बसल्या.

प्लेअरला वायर जोडली की यंत्रातली बोलणारी बाई लगेच सांगे, 'संगणकाशी जोडले आहे.' आज ती गप्प होती. लॅपटॉपच्या कळाही वाजत नव्हत्या. एकदा बॅगेची चेन सरकली, तेवढंच. जोडलंत का, असं त्यांनी विचारलं. कॉपी सुरू आहे, वेळ लागेल, असं उत्तर आलं. मग त्यांनी कोणती पुस्तकं आणली ते विचारलं.

"सगळी नवीन आहेत, आजी."

"नव्या पुस्तकांना नावं ठेवायची पद्धत गेली वाटतं," ललिताबाई म्हणाल्या.

तो हसला आणि त्यानं प्यायला पाणी मागितलं.

स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी फिल्टरच्या तोटीखाली पेला धरला आणि एकदम त्यांना कळलं की हा आवाज आपण कुठे ऐकलाय. इथेच. गेल्या महिन्यात हा फिल्टर दुरुस्त करायला आलेला माणूस ओट्यापाशी बसून असाच बोलत होता. वाक्य संपलं की दातांमधून श्वास आत ओढायची त्याची ती लकब होती, आणि आत्ताही होती. त्या दिवशी चैताली हॉलमध्ये पुस्तकं भरत होती, नेहमीसारखं मोठमोठ्यानं बोलत. त्यानं सगळं ऐकलं होतं. घरात दुपारी कोण असतं, कोणाला दिसत नाही, पुस्तकं भरायला कोण येतं, सगळं.

तेवढ्यात बेडरूममधून लोखंडी कपाटाचा दांडा फिरल्याचा आवाज आला.

ललिताबाईंनी पेला आवाज न करता ओट्यावर टेकवला. फोन हॉलमध्ये, टीपॉयवर होता. ओरडावं म्हटलं तर सगळ्यांत आधी ऐकणार तोच. या घरातली फरशी न् फरशी त्यांना पाठ होती. पण आता त्या घरात एक माणूस फिरत होता आणि तो कुठे उभा आहे, कुठे बघतोय, हे त्यांना दिसत नव्हतं.

त्यांनी सिंकचा नळ सोडला आणि धारेखाली पातेलं सरकवलं. पाणी वाजत राहिलं तर आपण आत भांडी घासतोय असं त्याला वाटेल. मग चपला काढून त्या अनवाणी निघाल्या, भिंतीला तळहात लावून. बाहेरचं दार गाठायचं तर बेडरूमवरूनच जायला हवं होतं. बेडरूमच्या दारापाशी भिंत संपली आणि हात मोकळ्या हवेत गेला. आत कपडे उपसल्याचा आवाज येत होता. तो पाठमोरा होता की आपल्याकडेच बघत होता? श्वास कोंडून त्यांनी ती मोकळी जागा ओलांडली. पलीकडची भिंत बोटांना लागली तशा त्या पुढे सरकल्या.

बाहेरच्या दाराचं लॅच त्यांनी फिरवलं. दार उघडेना. पुन्हा फिरवलं, ओढलं. दार हलेना. किल्लीनं बंद केलं की काय? चाचपडत हात वर गेला तेव्हा कळलं, त्यानं आवाज न करता हळूच वरची कडी घातली होती. ती कडी या घरात कुणी कधी लावतच नसे.

बेडरूममधला आवाज थांबला.

"आजी?"

कडी गंजलेली होती. घाईनं ओढताना ती कर्रकन वाजली. मागून पावलं आली, झपझप. ललिताबाईंनी दार खेचलं आणि त्या बाहेर पडल्या. हातात काठी नाही, जिना डावीकडे कुठेतरी अगदी जवळ. समोरच्या भिंतीवर बेल शोधत असताना त्याचा हात त्यांच्या दंडावर पडला.

"गपचूप आत चला," तो कानाशी म्हणाला.

त्याबरोबर ललिताबाईंना कंठ फुटला. समोरच्या फ्लॅटमध्ये दत्तप्रसाद घरून काम करतो, एवढंच त्यांना आठवलं आणि त्याच्या नावानं त्या अशा ओरडल्या की खालच्या मजल्यावरचीही दारं उघडली. दंडावरचा हात सुटला. धक्का बसून त्या भिंतीवर आदळल्या, तिथेच खाली बसल्या. पावलं धडधडत जिना उतरून गेली. दत्तप्रसाद बाहेर आला तेव्हा त्या दोन्ही हातांनी जिन्याची कडा शोधत होत्या. ती अगदी गुडघ्याजवळ होती.

फोन आणि प्लेअर दोन्ही गेले. कपाटातलं फारसं काही त्याच्या हाती लागलं नव्हतं. ललिताबाईंनी पोलिसांना फिल्टर दुरुस्तीवाल्याचं सांगितलं, त्यामुळे तो आठवडाभरात सापडला. फोन त्याच्या खोलीवर मिळाला. प्लेअर विकला जाईना म्हणून त्यानं नदीत फेकून दिला होता.

चैताली नवा प्लेअर घेऊन आली आणि दारातच रडायला लागली. आपण तोंड आवरलं असतं तर हे घडलं नसतं, असं ती पुन्हापुन्हा म्हणत राहिली. "तुझ्या तोंडाचा दोष नाही, कान त्याचे होते," ललिताबाई म्हणाल्या आणि तिला खुर्चीवर बसवलं. मग म्हणाल्या, पुस्तकं भरायला तू मला शिकव. स्पृहाच्या जुन्या लॅपटॉपला बोलायला लाव, प्लेअरचं मेमरी कार्ड कसं घालायचं ते दाखव. उद्या तुला खरंच बरं नसलं तर तुझ्याऐवजी कुणी या घरात यायला नको.

त्या शिकत होत्या. कार्डाचा कापलेला कोपरा कुठल्या बाजूला ठेवायचा, कुठल्या कळा दाबायच्या, सगळं लक्षपूर्वक. पहिलं पुस्तक त्यांनी स्वतः भरलं आणि ते सुरूही झालं. इतक्यात बेल वाजली. चैताली उठायला गेली, तर ललिताबाईंनी तिचं मनगट घट्ट धरलं.

"कोण?" त्यांनी विचारलं. उत्तर आलं तरी पुन्हा विचारलं.

इस्त्रीचे कपडे आले होते. नेहमीचाच माणूस, नेहमीचाच आवाज. चैतालीनं कपडे घेतले, दार लावलं, वरची कडीही घातली आणि ती घातल्याचं मोठ्यानं सांगितलं. ललिताबाईंनी मान हलवली. पुस्तक पुढे सरकत होतं, पण कथेतली माणसं कोण आणि कुठे निघालीत हे काही त्यांच्या ध्यानात राहिना. त्यांनी ते पुन्हा पहिल्यापासून लावलं. जिन्यावर कुणाचीतरी पावलं वाजली तसा त्यांनी आवाज बारीक केला आणि ती वरच्या मजल्यावर जाईपर्यंत ऐकत राहिल्या.