दुखण्याला सिंगाड्यांचा दंड

मी कॅरम बोर्ड बोलतोय. कलकत्त्यात भवानीपूरच्या एका गल्लीत आपल्या मराठी मंडळाची तळमजल्यावर एक खोली आहे, तिथला. माझा जन्म हावड्याचा. तिथल्या सुताराने मला इतकं घासलं होतं, की माझ्यावर सोंगटी थांबायला कुरकुर करायची. १९७१ साली मंडळाने मला आणलं आणि सतरंजीवर मांडलं. पुरुषमाणसांना रविवारी जरा विरंगुळा हवा, मन मोकळं करायला जागा हवी, असा ठराव झाला होता.

मन मोकळं करण्याचं राहू द्या. चौघे माझ्या चार बाजूंना गुडघ्याला गुडघा लावून बसत. मोहन बागानचा फुटबॉल, इलिश माशाचे भाव, साहेबाचा तिरसट स्वभाव, सगळं निघे. स्वतःबद्दल अवाक्षर नाही.

त्याला कारण होता श्यामरावांचा नियम. श्यामराव इथेच जन्मलेले, शाळेत भूगोल शिकवणारे. पूर्वी एक सभासद दर रविवारी आपल्या पोटाची कहाणी लावत. त्यांना आवरायला श्यामरावांनी ठरवलं, की जो दुखणं काढील त्याने सगळ्यांना गरम सिंगाडे, म्हणजे इथले समोसे, खिलवायचे. ते गृहस्थ निवृत्त होऊन नागपूरला गेले. नियम मात्र इथेच राहिला. डोकं ठणकत असलं तरी माणसं हसत खेळायची, आणि वर त्याला खिलाडूपणा म्हणायची.

मला चेहऱ्यांपेक्षा हात जास्त कळतात. केंद्र सरकारच्या नोकरीत बदली होऊन आलेले भालचंद्रराव चांगले खेळत. हळूहळू त्यांचं मनगट हाडकुळं झालं. स्ट्रायकर नीट लागला आहे की नाही, हे त्यांच्या बोटांना उमजेना. दर डावात ते पाणी प्यायला उठत.

"भालचंद्रराव, हुगळी आटवता की काय?" समोर बसणारा विनायक म्हणे.

"वहिनी उपाशी ठेवतात वाटतं," शेजारच्या प्रमोदची भर.

"बारीक झालोय, म्हणजे तब्येत सुधारली," भालचंद्रराव म्हणत. सगळे हसत आणि पुढचा डाव लागे. अरे, हसताय काय, विचारा त्यांना, असं मी किती वेळा मनात म्हटलं असेल. लाकडाचं कोण ऐकतं?

एका रविवारी ते पाणी पिऊन परत येऊन बसले, तेव्हा फरशीवर सांडलेल्या माझ्या पांढऱ्या पावडरीत तांबडी पावलं उमटली. चपलेचा खिळा वर येऊन तळव्यात शिरला होता. घरापासून ते तसेच चालत आले होते.

"भालचंद्र, पाय बघ," श्यामराव म्हणाले.

भालचंद्ररावांनी पाय पोटाशी घेतला. "मला काही दुखत नाही. मी तक्रार केलेली नाही. दंड नाही बसणार हं."

कोणी हसलं नाही. श्यामराव स्ट्रायकर ठेवून म्हणाले, "दंड माझा. आता मी विचारतोय. किती दिवस झाले?"

तेव्हा कुठे ते बोलले. न भागणारी तहान, पायांना मुंग्या, आणि आता तर मुंग्याही कळेनाशा झालेल्या. त्यांना धरून डॉक्टरांकडे नेलं. मधुमेह निघाला. जखम चिघळली आणि पायाचं एक बोट काढावं लागलं. आणखी उशीर झाला असता तर पाऊल गेलं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

त्यांच्या पत्नी कालिंदीबाई खोलीवर आल्या. आवाज चढवला नाही. "मी डॉक्टरांकडे चला म्हटलं की हे म्हणायचे, मंडळातले सगळे मला ठणठणीत म्हणतात. तुम्हाला दिसत नव्हतं का हो?"

श्यामरावांनी तो नियम त्याच दिवशी मोडीत काढला.

आता माझी दशा ऐका. मंडळात टेबल नाही, म्हणून रविवारी सकाळी खेळाआधी सगळ्यांची साखर तपासायला माझ्यावर स्पिरिटचा दिवा पेटतो. प्रत्येक जण घरून छोट्या बाटलीत काय आणतो, ते सांगायची मला लाज वाटते. त्याचे थेंब निळ्या औषधात उकळायचे आणि नळीचा रंग बघायचा. लाल-विटकरी झाला तर साखर फार, हिरवा झाला तर थोडी. राणीच्या जागी मला डाग पडलाय. एका पॉकेटाची कड जळलीय. प्रमोदला आपल्यालाही साखर आहे हे माझ्याच छाताडावर कळलं. परवा भालचंद्ररावांची नळी पहिल्यांदाच विटकरीऐवजी हिरवी झाली. ते तिच्याकडे बघत बसले. सोंगट्या लावायची घाई कोणी केली नाही.

एवढ्यासाठी मी जळायला तयार आहे. तरी कृपा करून एक टेबल आणा. आणि वाचणाऱ्या बाबांनो, तुमच्या शेजारी बसणारा खंगत असेल तर थट्टा पुरे करा. त्याला विचारा. आणि विचारलंत, तर उत्तर येईपर्यंत स्ट्रायकर मारू नका.