हाताला विचारा!

चर्चच्या तळघरात उभं राहायला जागा नव्हती. कॉफी निवली, घरोघरून भाजून आणलेल्या हॉटडिशच्या ताटांना कुणी शिवलं नाही.

"कुठल्या डॉक्टरकडे जायचं ते हाताला विचारा, मंडळी! शरीर खोटं बोलत नाही!" स्वतःला वैद्य म्हणवणारा रोलंड हॉगन गर्जत होता.

एका हातात डॉक्टरच्या नावाची चिठ्ठी धरायची, दुसरा आडवा ताठ ठेवायचा. रोलंड तो दाबणार. पडला तर डॉक्टर चुकीचा. हृदयाच्या डॉक्टरच्या नावाला हात पडे, नसांच्या पडे, त्वचेच्या पडे. टिकायचा तो फक्त रोलंडच्या नावाला.

मागच्या महिन्यात माझाही हात पडला होता. केस गळत होते, छाती धडधडायची, हात इतके थरथरायचे की तान्ह्या लेकीला उचलायची भीती वाटे. "तुझ्या दुधात विष आहे, अंगावर पाजणं तोड," तो म्हणाला. मी तोडलं. दूध आटलं, थरथर राहिली.

आज मी फक्त त्याचे हात बघायला आले होते.

शेजारची सोल्वेग पुढे झाली. सातवा महिना, पाय सुजलेले, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे. तिनं बाळंतपणाच्या डॉक्टरची चिठ्ठी धरली. हात पडला.

"दवाखान्याचं नाव काढू नकोस, पोरी!"

"थांबा," मी म्हणाले. "रोलंडसाहेब, आता तुमचा हात. चिठ्ठी तुमच्याच नावाची."

"होऊन जाऊ दे, रोलंड!" मागून कुणीतरी ओरडलं. नाही म्हणायची सोय उरली नाही.

मी मनगटापाशी दाबला. हात पडला.

"अगंबाई! तुमचं शरीर म्हणतंय, या माणसाकडे जाऊ नका!"

"तू जोर केलास!"

"तुमच्याइतकाच. दुसऱ्या डॉक्टरांच्या वेळी तुम्ही मनगट दाबता, स्वतःच्या वेळी कोपराच्या वर, खांद्याजवळ. दार बिजागरीपाशी ढकला, हलत नाही. कडीपाशी बोटानं उघडतं. करून बघा सगळे!"

लोक एकमेकांचे हात दाबू लागले. आधी हसले, मग सगळे रोलंडकडे वळले. रोलंड खाली पडलेल्या चिठ्ठ्या गोळा करायला वाकला. मी त्यांवर पाय दिला.

"माझं दूध परत दे, मग जा."

"अगं, मी तर भल्यासाठी..."

"दे ना!"

सोल्वेगला मी थेट दवाखान्यात नेलं. रक्तदाब इतका चढलेला, की तिला तिथंच ठेवून घेतलं. आई आणि बाळ, दोघं वाचली. मग मी आमच्या साध्या फॅमिली डॉक्टरकडे गेले, सगळ्या तक्रारी एका दमात सांगितल्या. रक्त तपासलं. बाळंतपणानंतर बिघडलेलं थायरॉइड निघालं.

दुखणी अनेक असली की कुणाकडे जावं कळत नाही, खरं आहे. तेव्हा जवळच्या डॉक्टरकडे जा, काही न गाळता सांगा; पुढे कुणाकडे पाठवायचं ते तपासून ठरू द्या. आणि इतर सगळ्यांना चुकीचं ठरवून जो एकटाच बरोबर उरतो, त्याचे हात नीट बघा.

रोलंड आता पलीकडच्या गावात बसतो म्हणे. मीही जाते, त्याचे हात बघायला. दर शनिवारी, पहिल्या रांगेत, लेकीला कडेवर घेऊन.