औषधाच्या टोपणाचा हेवा

मी चांदीचा प्याला बोलतोय. प्रभुभोजनाच्या रविवारी, येशूच्या आठवणीत पाव आणि द्राक्षरस वाटतात तेव्हा, मला चर्चच्या वेदीवर पांढऱ्याशुभ्र कापडावर ठेवतात. पाळकसाहेब मला दोन्ही हातांनी उचलतात आणि सगळी मंडळी मान खाली घालते. एवढा मान मिळणाऱ्याने कुणाचा हेवा करावा? पण मी करतो. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर मापाच्या रेषा असलेलं प्लॅस्टिकचं टोपण असतं ना, तसल्या एका टोपणावर मी मनापासून जळतो.

मला घडवलं तेव्हा या मंडळीला स्वतःचं चर्चही नव्हतं. भाड्याच्या खोलीत उपासना व्हायची. बायकांनी चांदीच्या तुटक्या अंगठ्या आणि जोडीतली एकेकटी उरलेली कानातली आणून दिली. सोनाराने ती सगळी एकत्र वितळवली आणि म्हणाला, "यात कुणाचं किती, ते आता देवालाच विचारा."

द्राक्षरसाने भरून मी रांगेतून तोंडोतोंडी फिरतो. माणसं मला ओठांवरून कळतात. कुणी नुसते ओठ टेकवतं, कुणी उन्हातून आल्यासारखा घोट घेतं. आधीच्याचे ओठ लागले ती जागा टाळायला मला हळूच फिरवून घेणारेही आहेत. ते सहसा पहिल्या रांगेतले असतात.

माझा मुक्काम मास्तरांच्या कपाटात असतो. मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले हेडमास्तर आणि मंडळीचे सगळ्यात जुने पंच. किल्ली त्यांच्या खिशात, आणि मला घासायचं काम त्यांच्या नातीकडे. पोरगी कॉलेजात शिकते. टूथपावडर लावून मला असं रगडते की मास्तरांवरचा राग माझ्यावर निघतोय हे कुणालाही कळावं.

"आजोबा, शिलाईमावशीला अजून किती वर्षं मागे बसवणार तुम्ही?"

"तू प्याला घास."

"घासतेच आहे. हा चकचकीत झाला की तुमचं समाधान. माणूस वाळून गेला तरी चालेल."

"पंचमंडळ ठरवेल काय ते."

"पंचमंडळाने शेवटचं काय ठरवलं होतं? चर्चच्या पंख्यांचा रंग. तोही बदलला परत."

शिलाईमावशी बाजारामागच्या एका खोलीत कपडे शिवायची. तरुणपणी ती दोन मुलांच्या बापाबरोबर गाव सोडून गेली होती. त्याच्या बायकोला खाणावळीत भांडी घासावी लागली. मग त्याने मावशीलाही टाकलं आणि ती एकटी परत आली. एका रविवारी ती मंडळीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मी एका घराचं वाटोळं केलं. त्या बाईच्या दारात जाऊन माफी मागितली, तिने दार लावून घेतलं. ते बरोबरच केलं तिने. पण प्रभूच्या मेजापासून मला दूर ठेवू नका."

आमच्याकडची रीत अशी, की पापाबद्दल ज्याच्यावर मंडळीची शिस्त लागली आहे, त्याने प्रभुभोजनाच्या वेळी काही न घेता मागच्या बाकावर हात मांडीवर ठेवून बसायचं. मास्तर म्हणाले, "पश्चात्ताप खरा आहे की नाही ते काळ ठरवेल." काळाकडून काही निरोप आला नाही. मावशीचे केस पिकले. मी पुढच्या रांगांतून फिरायचो आणि ती माझ्याकडे बघायची. खरं सांगतो, तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. उलट बरंच वाटायचं. आपल्याकडे कुणीतरी इतकं टक लावून बघतंय, यात एक सुख असतं.

मग मावशीला झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, तोंड वाकडं झालं. पाळकसाहेब मास्तरांकडे आले.

"मास्तर, तिने प्रभुभोजन मागितलंय. प्याला द्या."

मास्तर खुर्चीतून हलले नाहीत. "शिस्त उठलेली नाही अजून."

"मग आत्ता उठवा."

"साहेब, मी काही दगड नाही. पण उद्या देवाने विचारलं, की माझी पवित्र वस्तू कुणाच्याही तोंडाला कशी लावलीस, तर उत्तर मला द्यायचंय."

"आणि त्याने विचारलं, की माझी लेकरं उपाशी का ठेवलीस, तर? तिचं पाप खरं होतं, ती नाही म्हणतच नाहीये. पण त्याची किंमत आधीच कुणीतरी वधस्तंभावर चुकवून गेलंय. आपण नुसते वाढपी आहोत, मास्तर. वाढप्याने ताटं ओढून घ्यायची नसतात."

मास्तरांनी खिशातली किल्ली चाचपली. नात मात्र बसून राहणाऱ्यातली नव्हती. घासायला म्हणून मी बाहेरच होतो. तिने मला फडक्यासकट कॉलेजच्या बॅगेत कोंबलं.

"कुठे चाललीस?"

"तुमच्या वतीने उत्तर द्यायला," ती म्हणाली आणि चपला घालून पाळकसाहेबांबरोबर निघाली.

मावशीची खोली माझ्या कपाटाहून थोडीशीच मोठी. शिलाई मशीनवर अर्धवट शिवलेला फ्रॉक तसाच अडकलेला होता. पाळकसाहेबांनी पावाचा तुकडा भिजवून मऊ करून तिला भरवला. मग मला भरलं आणि तिच्या ओठांशी नेलं. इतकी वर्षं जिने माझ्याकडे बघितलं, तिच्यापर्यंत मी अखेर पोचलो होतो. मला वाटलं, आता काय तो माझा खरा दिवस.

माझी कड रुंद, तिचे ओठ मिटत नव्हते. सगळा घोट हनुवटीवरून गळ्यावर गेला. नातीने ओढणीने पुसला. पुन्हा प्रयत्न झाला, पुन्हा तेच. मावशीने डावा हात लावून मला धरायला बघितलं, तर मी इतका जड, की तिचं मनगटच खाली गेलं. मी ताठ बसून चालत येणाऱ्यांसाठी घडवलेला होतो. आडव्या पडलेल्या माणसाला पाजायचं कसं, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.

"राहू दे," मावशी बोबड्या जिभेने म्हणाली. "माझ्या नशिबात नाही."

"नशीब कसलं काढताय, मावशी?" नात म्हणाली. तिने उशाशी असलेल्या औषधाच्या बाटलीचं टोपण काढलं, धुतलं आणि पाळकसाहेबांपुढे धरलं.

पाळकसाहेबांनी मला वाकवून माझ्यातला रस त्यात ओतला. माझ्यातला! टोपणाची कड चिमटीत दाबून त्यांनी तो तिच्या गालात हळूच सोडला. मावशीने गिळला. तिने डोळे मिटले. मग म्हणाली, "वर गेल्यावर आधी हे तोंड सरळ करून घेणार. मग पोटभर गाणार." आणि वाकडं हसली.

मी मशीनवर, त्या फ्रॉकशेजारी बसून हे बघत होतो. माझ्या घडवण्याचं सगळं सार्थक त्या फालतू टोपणाने खाऊन टाकलं होतं.

तेवढ्यात दारात मास्तर आले. मला परत न्यायलाच आले असणार. भिजलेली गादी, टोपण, मी, सगळं त्यांनी बघितलं. कुणी काही बोलायच्या आत मावशीनेच विचारलं, "मास्तर, तुम्ही घेतलंत?"

मास्तर आयुष्यभर दुसऱ्यांना विचारत आले होते, की तुमची तयारी आहे का, तुमचं मन शुद्ध आहे का. त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं. ते पलंगाच्या कडेला बसले. पाळकसाहेबांनी मला त्यांच्यापुढे धरलं. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली.

"यातून नको. तिने घेतलं त्यातून द्या."

ज्या माणसाने मला कधी डाग पडू दिला नाही, त्याने मावशीचं उष्टं टोपण तोंडाला लावलं. न पुसता, न फिरवता. नात खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. तिचा राग कुठे गेला मला माहीत नाही. माझा मात्र माझ्यापाशीच राहिला.

पुढच्या प्रभुभोजनाला मावशीला खुर्चीत बसवून उचलून आणलं आणि पहिल्या रांगेत ठेवलं. वेदीवर माझ्या शेजारी, त्याच कापडावर, टोपण होतं. काही दिवसांनी मावशी गेली. टोपण फेकून देतील अशी मला आशा होती. मास्तरांनी ते माझ्याच फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलं.

आता पाळकसाहेब आजाऱ्यांकडे जाताना ते खिशात घालून नेतात. ते इस्पितळात जातं, एकदा तर कैद्यांच्या दवाखान्यातही जाऊन आलं. परत येतं तेव्हा त्याला तापाचा, औषधांचा, माणसांचा वास असतो. माझ्या अंगाला टूथपावडरचा. ज्याच्यावर डाग नाही त्याला धुवून घेण्यातलं सुख कळत नाही, असं नात मला घासताना म्हणाली. आजोबांनाच म्हणाली असेल, पण ते मला लागलं.

तुम्ही कधी या वेदीशी आलात, तर माझ्या चकाकीला बिचकू नका. आधी शुद्ध होऊन मग येतो, असं म्हणत मागच्या बाकावर बसून राहू नका. हात थरथरले तर थरथरू द्या, सांडलं तर सांडू द्या. मी जड लागलो तर पाळकसाहेब खालून आधार देतील. फक्त मला भरलेला परत पाठवू नका.